जन्मबधिर बालकांचे कॉक्लियर रोपण : यशापयशाची कारणे व शिक्षकांचे काम

जून महिन्यात पहिलीच्या वर्गात नवी मुले येतात. पहिला पंधरवडा रडण्यात व रुळण्यात जातो. त्यानंतर एखादे मूल असे आढळते की, ते हाक मारल्यावर पाहत नाही, गोष्ट सांगत असता इतर मुले हसली म्हणजे मागाहून हसते, आणि पाटीवर मात्र शेजाऱ्याची अक्षरे हुबेहूब उतरवून काढते. अशा मुलास आपण बुजरे, मंद किंवा हट्टी समजतो. प्रस्तुत लेखकाने परंडा तालुक्यातील एका वस्तीवरील शाळेत काम करीत असता नेमकी हीच चूक केली. ती मुलगी बुजरी आहे, वर्षभरात बोलू लागेल, असे मी तिच्या आईस सांगितले. दुसरीच्या सहामाहीत आरोग्य पथकाच्या डॉक्टरांनी तपासून तिला जन्मापासून ऐकू येत नाही असे सांगितले, तेव्हा तिला आठवे वर्ष लागले होते. आईने विचारले, “गुरुजी, आता काय होईल?” त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. या लेखात ते उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

जन्मतः दोन्ही कानांनी तीव्र बधिर असणारी मुले साधारणपणे हजारात एक-दोन तरी असतात. म्हणजे आपल्या केंद्रातील गावांचा विचार केला तर दर काही वर्षांनी असे एक मूल कोणत्या तरी घरी जन्मास येतेच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याप्रमाणे दोन्ही कानांत बोलण्याच्या आवाजाच्या पट्ट्यात ७० डेसिबल किंवा त्याहून अधिक श्रवणऱ्हास असेल त्यास कर्णबधिर म्हटले जाते. अशा मुलास समोर बसून केलेले साधे बोलणे मुळीच ऐकू येत नाही. त्याच्या घशात, जिभेत किंवा ओठांत बहुधा कोणताही दोष नसतो. ते मुके असते ते केवळ बोलणे कानांवर न पडल्यामुळे.

कानाच्या अंतर्भागात शंखाच्या आकाराचे एक हाड आहे. त्याच्या वेटोळ्यात सूक्ष्म केशपेशी असतात. बाहेरून आलेल्या ध्वनिलहरींचे विद्युतसंदेशात रूपांतर करणे हे त्यांचे काम, आणि तो संदेश श्रवणतंतू मेंदूकडे नेतात. बहुसंख्य जन्मबधिर मुलांत दोष असतो तो या केशपेशींत. तंतू मात्र शाबूत असतात. साधे कर्णयंत्र आवाज मोठा करते. परंतु घेणारी पेशीच नसेल तर आवाज कितीही मोठा करून उपयोग काय? कॉक्लियर रोपणात केशपेशींना वगळून तंतूंनाच थेट विद्युतसंदेश दिला जातो. कानामागे बाहेर एक यंत्र बसते, त्यात ध्वनिग्राहक व आवाजाचे पृथक्करण करणारा भाग असतो. त्वचेच्या आत शस्त्रक्रियेने एक ग्राहक बसविलेला असतो व त्यापासून निघालेली बारीक तार शंखाच्या वेटोळ्यात शिरलेली असते. आतला व बाहेरचा भाग लोहचुंबकाने एकमेकांसमोर राहतात.

या यंत्राचा इतिहास मोठा नाही. पॅरिस येथे १९५७ साली जूर्नो व एरिये यांनी श्रवणतंतूस विद्युतप्रवाह देऊन एका बधिर माणसास आवाजाची जाणीव करून दिली. १९६१ साली अमेरिकेत विल्यम हाउस यांनी रोपणास प्रारंभ केला. ऑस्ट्रेलियातील ग्रॅम क्लार्क यांना लवचीक तार शंखाच्या अरुंद वेटोळ्यात कशी सरकवावी हे कोडे सुटत नव्हते. समुद्रकिनारी बसले असता त्यांनी एका शिंपल्याच्या शंखात गवताची काडी घालून पाहिली. बुडाशी ताठ व टोकाशी मऊ असलेली काडी वळणे घेत सहज आत गेली. १९७८ साली त्यांनी अनेक विद्युतअग्रे असलेले रोपण यशस्वी केले. क्लार्क यांचे वडील कमी ऐकणारे होते व औषधांचे दुकान चालवीत. गिऱ्हाइकास लाजिरवाणी बाब मोठ्याने सांगावी लागे, हे मुलाने लहानपणी पाहिले होते. महाराष्ट्रात या शस्त्रक्रियेचा प्रसार करणाऱ्यांपैकी मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांना २०१४ साली पद्मश्री देण्यात आली.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. एकाच प्रकारचे यंत्र, एकाच तऱ्हेची शस्त्रक्रिया. तरी एक मूल चार वर्षांत गोष्ट सांगू लागते व दुसरे केवळ दाराच्या कडीचा आवाज ओळखते. असे का व्हावे?

सर्वांत मोठे कारण वय हे होय. मेंदूचा जो भाग ऐकण्याकरिता असतो तो जन्मल्याबरोबर तयार असतो असे नाही. आवाज येत राहिल्याने तो घडत जातो. आवाज आलाच नाही तर तो भाग पडीक राहत नाही, डोळ्यांचे व स्पर्शाचे काम तेथे हळूहळू वस्ती करते. पडीक रान दुसऱ्याने वहितीला घेतले की मागाहून सोडवून घेणे कठीण, त्यातला हा प्रकार आहे. अमेरिकेतील अनु शर्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, साडेतीन वर्षांच्या आत रोपण झालेल्या बहुतेक मुलांच्या मेंदूचा आवाजास मिळणारा प्रतिसाद काही महिन्यांत त्यांच्या वयाच्या इतर मुलांसारखा होतो. सात वर्षांनंतर रोपण झालेल्या बहुतेकांत तो तसा होत नाही. त्याआधी १९९८ साली क्रिस्टीन योशिनागा-इतानो यांनी दाखवून दिले होते की, बधिरत्व सहा महिन्यांच्या आत ओळखून उपाय सुरू झालेल्या मुलांची भाषा उशिरा ओळखलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे राहते. यावरूनच पहिल्या महिन्यात चाळणी-तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारास आरंभ असा दंडक पडला आहे.

या आकड्यांपुढे आपल्या पटावरील सहा वर्षांचे मूल ठेवून पाहावे. ते शाळेत येते तेव्हा उत्तम काळ सरलेला असतो. केंद्र शासनाच्या एडिप योजनेत २०१४ सालच्या सुधारणेने एका मुलाच्या रोपणाकरिता सहा लाख रुपयांपर्यंत खर्चाची तरतूद झाली, व मुंबईतील वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे, जी १९८३ पासून या क्षेत्रात काम करीत आहे, त्या कामाचे सूत्रसंचालन देण्यात आले. परंतु त्या योजनेतही जन्मबधिर मुलाचा विचार पाच वर्षे वयापर्यंतच होतो. सबब, शिक्षकाने केवळ आपल्या वर्गातील मुलांकडे पाहून भागत नाही. बधिर विद्यार्थ्याच्या घरी पाळण्यात भावंड आहे काय, अंगणवाडीत तीन वर्षांचे न बोलणारे मूल आहे काय, हे विचारणे त्याचेच काम आहे. शिरगणतीच्या निमित्ताने आपण दर घरी जातो. त्याच वेळी हा एक प्रश्न विचारण्यास कोणत्याही आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

घरची माणसे बधिरत्व ओळखत नाहीत याचा दोष त्यांना देता येत नाही. बधिर अर्भकही पहिले काही महिने इतर अर्भकांसारखेच आवाज काढते व हसते. मागे थाळी वाजविली तर हवेचा झोत, सावली किंवा जमिनीचा हादरा जाणवून ते वळते. सोनारीच्या यात्रेत हलगी कडाडली की छातीत धडधड होते ती बधिरासही होते, आणि आजी म्हणते, “बघा, ऐकू येतंय की!” शिवाय ‘याचा चुलताही पाच वर्षांनी बोलला’ हे वाक्य प्रत्येक घरात तयार असते. म्हणून थाळीच्या परीक्षेवर मुळीच विसंबू नये. ओएई व बेरा या दोन तपासण्यांनी अगदी लहान मुलाचे श्रवण समजते व त्यांत वेदना नसते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बधिरत्वाचा समावेश आहे. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोन वेळा व शाळेत एक वेळ येते. पथक येण्यापूर्वी संशयित मुलांची नावे लिहून ठेवावी. पथक तासाभरात शंभर मुले पाहते, आपण त्याच मुलास रोज पाहतो.

दुसरे कारण बधिरत्वाच्या मुळाशी असते. जन्मबधिरांपैकी सुमारे निम्म्यांत ते आनुवंशिक असते. आईबाप दोघेही उत्तम ऐकणारे असून मूल बधिर होऊ शकते, कारण दोष दोघांकडून गुप्तपणे आलेला असतो. मामाची मुलगी किंवा बहिणीची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे अजून आहे. जवळच्या नात्यात असे गुप्त दोष एकत्र येण्याचा संभव वाढतो. हे सांगताना सुनेस बोल लागणार नाही अशा रीतीने सांगावे, कारण दोष दोन्ही बाजूंचा असतो आणि अपराध कोणाचाच नसतो. विशेष म्हणजे या जातीच्या बधिरत्वात, कनेक्सिन-२६ नावाच्या प्रथिनाच्या दोषात तर विशेषकरून, श्रवणतंतू चांगले असल्याने रोपणाचा लाभ उत्तम होतो. गरोदरपणी आईस झालेला रुबेला, अपुऱ्या दिवसांचा जन्म, नवजाताची तीव्र कावीळ ही इतर कारणे होत. नोव्हेंबर २०१८ मध्ये आपण शाळाशाळांतून गोवर-रुबेला लसीकरण करवून घेतले, त्याचा एक हेतू पुढील पिढीतील बधिरत्व टाळणे हाही होता.

मेंदूज्वराने आलेल्या बधिरत्वाची गोष्ट निराळी. त्यात शंखाच्या पोकळीत हाड धरू लागते व थोड्याच महिन्यांत तार शिरण्यास वाट उरत नाही, म्हणून तेथे त्वरा करावी लागते. उलट, ज्या मुलात श्रवणतंतूच नसतो किंवा अतिशय क्षीण असतो, त्यास रोपणाचा लाभ फार थोडा होतो. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर चित्रतपासणी करवितात व काही महिने साधे कर्णयंत्र वापरून पाहण्यास सांगतात, ते याकरिताच. पालकांना ही टाळाटाळ वाटते. ती नव्हे, हे आपण समजावून द्यावे. बधिर मुलांपैकी बऱ्याच मुलांत दृष्टिदोष, आकलनाचा दोष अथवा अन्य व्यंग सोबत असते. तशा मुलाची प्रगती हळू होते, परंतु ती होत नाही असे नाही.

तिसरे कारण घर. २०१० साली जॉन निपार्को व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सहा केंद्रांतील १८८ मुलांचा, ज्यांचे रोपण पाच वर्षांच्या आत झाले होते, अभ्यास प्रसिद्ध केला. लवकर रोपण, आधी शिल्लक असलेले थोडेफार श्रवण आणि घरची सांपत्तिक स्थिती यांबरोबरच आईबापांचा मुलाशी होणारा संवाद जेथे चांगला, तेथे भाषेची वाढ अधिक वेगाने झाली, असे त्यात आढळले. सांपत्तिक स्थिती शिक्षकाच्या हातात नाही. परंतु संवाद गरिबाच्या घरीही फुकट असतो, फक्त तो कसा करावा हे सांगणारा कोणी हवा. भाकरी थापताना ‘पीठ घेतलं, पाणी घातलं, आता थापू’ असे बोलावे. शेळीस पाला घालताना ‘शेळी पाला खाते, करडू दूध पिते’ असे म्हणावे. एकच वाक्य दिवसातून वीस वेळा, मुलाच्या जवळ बसून, नेहमीच्या आवाजात. हे बोलणे घरच्या बोलीतच असावे. मुलाकरिता पुस्तकी भाषा बोलण्याचा आग्रह धरला तर आई चार वाक्यांत गप्प होते. घरात दखनी किंवा लमाणी बोलत असतील तर तीच बोलावी. मराठी शाळेत येईल.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे मूल ऐकू लागले, ही समजूत सर्वांत घातक आहे. जखम भरल्यावर साधारण तीन-चार आठवड्यांनी बाहेरचे यंत्र प्रथम सुरू करतात. त्या दिवशी मूल दचकते, कित्येकदा रडते. त्यास आवाज कळतो, अर्थ कळत नाही. पुढे श्रवणतज्ज्ञ यंत्राची जुळणी, ज्यास मॅपिंग म्हणतात, वारंवार करतात आणि श्रवण-वाचा उपचार दोन-तीन वर्षे तरी चालतात. परंड्याहून त्याकरिता सोलापूर, पुणे वा मुंबई गाठावी लागते. एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी, हंगामात ऊसतोडीस गेलेले आईबाप, या अडचणींनीच पुष्कळ रोपणे निष्फळ होतात. शल्यविशारदाच्या हाताने क्वचित.

मी एका मुलाच्या घरी गेलो असता त्याचे यंत्र लोखंडी पेटीत, लुगड्याच्या घडीत ठेवलेले सापडले. चुंबकापर्यंत जाणारी बारीक वायर तुटली होती. नवी कोठून व किती पैशांत मिळते हे ठाऊक नव्हते, आणि एवढे महागाचे यंत्र आणखी बिघडू नये म्हणून आजोबांनी ते जपून ठेवले होते. पाच महिने मूल पुन्हा बधिर होऊन वावरत होते. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण पेटीतले यंत्र ऐकत नाही. मूल जागे असेल तितका वेळ ते कानामागे असले पाहिजे. झोपताना, अंघोळीस, पोहताना व भर पावसात मात्र काढावे; रात्री ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या डबीत ठेवावे. घसरगुंडी प्लॅस्टिकची असेल तर आधी यंत्र काढून घ्यावे. कबड्डीसारख्या डोक्यास मार लागणाऱ्या खेळांविषयी त्या मुलाच्या डॉक्टरांचा लेखी सल्ला पालकांकडून मागवून दप्तरी ठेवावा. रोपण झालेल्या मुलास ताप, मान आखडणे, कानात ठणका अशी लक्षणे दिसली तर घरी पाठवून स्वस्थ बसू नये, त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

वर्गात शिक्षकाने रोज सकाळी एक लहान परीक्षा घ्यावी. डॅनियल लिंग नावाच्या तज्ज्ञाने ती बसविली असून तिला दोन मिनिटे पुरतात. वहीने किंवा हाताने आपले तोंड झाकून मुलाच्या मागे अगर बाजूस उभे राहावे, आणि ‘म’, ‘ऊ’, ‘आ’, ‘ई’, ‘श’, ‘स’ हे सहा ध्वनी क्रम बदलून, मध्ये कमीअधिक थांबून म्हणावे. येथे म, श, स हे वर्ण स्वराशिवाय लांबवून उच्चारावेत. मुलाने ऐकलेला ध्वनी परत म्हणावा. म्हणता येत नसेल तर खडा टाकावा. हे सहा ध्वनी बोलण्यातील खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत पसरलेले आहेत. काल ‘स’ ऐकणारे मूल आज ऐकत नसेल तर बॅटरी उतरली आहे, वायर सैल आहे किंवा जुळणी बदलण्याची वेळ आली आहे असे समजावे व तारखेनिशी टिपून ठेवावे. श्रवणतज्ज्ञास ही टिपणे फार उपयोगी पडतात.

बसण्याची जागाही विचार करून द्यावी. अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने घटतो. म्हणून मूल पुढे बसवावे, यंत्र ज्या बाजूस असेल ती बाजू शिक्षकाकडे यावी, आणि उजेड शिक्षकाच्या तोंडावर पडावा, पाठीवर नव्हे. ओरडू नये व ओठ वेडेवाकडे करून बोलू नये. दोन इयत्ता एका खोलीत असतील तर शेजारी पाढ्यांचा गजर चालू असता या मुलास नवीन पाठ देऊन उपयोग नाही; पत्र्यावर पाऊस वाजत असता तर कोणासच काही ऐकू येत नाही, मग त्याला काय येणार. ‘समजले का?’ असे विचारल्यास ही मुले हमखास मान डोलावतात. त्याऐवजी ‘मी काय सांगितले ते सांग’ असे म्हणावे.

लेखनातील एका चुकीकडे लक्ष वेधावेसे वाटते. ही मुले ‘राम आंबा खाल्ला’, ‘मी आई सांगितले’ असे लिहितात. ने, ला, त, चा हे आपले विभक्तिप्रत्यय शब्दाच्या शेवटी येतात व बोलताना हलके उच्चारले जातात, त्यामुळे ते त्यांच्या कानांवर धड पडतच नाहीत. आपण त्यास व्याकरणाची चूक समजून लाल रेघ ओढतो. तेथे रेघ ओढण्याऐवजी ते वाक्य प्रत्ययावर जोर देऊन दोन-तीनदा ऐकवावे, म्हणवून घ्यावे, मग लिहवावे. मुलाचे जन्मवय व श्रवणवय निराळे धरावे. चौथ्या वर्षी यंत्र सुरू झालेले सहा वर्षांचे मूल ऐकण्याच्या दृष्टीने दोन वर्षांचे आहे, आणि दोन वर्षांच्या मुलाकडून आपण कवितापाठ मागत नाही.

सातव्या-आठव्या वर्षी निदान झालेल्या मुलांचे काय, हा त्या आईचा प्रश्न राहिलाच. त्यांच्याकरिता रोपणाचे दार नेहमीच बंद असते असे नाही, तज्ज्ञांस विचारून पाहावे. परंतु बोलणे सहज येईल अशी आशा दाखवू नये. अशा मुलास भाषा मिळाली पाहिजे, मग ती कानांनी मिळो की हातांनी. खुणांची भाषा ही कमी दर्जाची नक्कल नसून तिला स्वतःचे व्याकरण आहे. २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आहे. ‘खुणा शिकविल्या तर मूल बोलणार नाही’ म्हणून सर्व वाटा बंद ठेवणे आणि मूल कोणत्याच भाषेवाचून दहा वर्षांचे होऊ देणे, यासारखा अन्याय मला दुसरा दिसत नाही. समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकांशी या बाबतीत संपर्क साधावा. माझ्या त्या विद्यार्थिनीने पुढे निवासी मूकबधिर विद्यालयात खुणांच्या आधारे शिक्षण घेतले. तिच्या धाकट्या भावाची तपासणी मात्र तो चार महिन्यांचा असतानाच करवून घेतली. त्यास चांगले ऐकू येते.

शेवटी एक दप्तरी बाब. मॅपिंग व वाचा-उपचाराकरिता मूल परगावी गेल्यास त्या दिवसांची हजेरीपटावर नुसती ‘गैरहजर’ अशी नोंद करून थांबू नये. शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहावे, आणि पालकांस मुलाच्या वर्गातील ऐकण्याबोलण्याचे चार ओळींचे टिपण लिहून द्यावे. त्यावर सहा ध्वनींच्या परीक्षेचा गेल्या पंधरवड्याचा तक्ता जोडला तर उत्तम.